चांद्यातून आष्टीला जाणाऱ्या दोन वाटा

चांद्यात तेव्हा रस्ते दरवाज्यांच्या नावानं ओळखत. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, आणि ह्या दोन दरवाज्यांमधून शहराच्या पोटातून गेलेला एकच मोठा, सरळ रस्ता. गोंड राजांनी कोट बांधला तेव्हापासून पालख्या, बैलबंड्या, वराती, मयती सगळं ह्याच रस्त्यानं जात आलं होतं. पश्चिमेचा बिनबा दरवाजा आणि पूर्वेकडचा अंचलेश्वर, ह्यांच्याकडून येणारे रस्ते घरांना वळसे घालत येत आणि कुठंतरी ह्या मोठ्या रस्त्याला मिळत.

कोटाबाहेर पडलं की वाटा फुटत. जटपुऱ्याबाहेरून एक वाट वरोऱ्यावरून नागपूरला जाई, दुसरी मूलवरून पुढं चामोर्शीकडे. अंचलेश्वराबाहेर महाकालीचं देऊळ, आणि तिथून बल्लारशा, कोठारी, गोंडपिपरी अशी तिसरी. ही तिसरी वाट आणि मूलची वाट, दोन्ही शेवटी वैनगंगेपलीकडे आष्टीला जाऊन मिळतात. पण मधे एवढं जंगल, की चांद्यातल्या माणसाला त्या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात हे सांगूनही पटत नसे.

छप्पन साल सरत आलं होतं. राज्य बदलून चांदा मुंबई राज्यात गेला होता. बल्लारशाची कागदगिरणी सुरू झाल्यापासून ट्रकांची ये-जा वाढली होती आणि दोन बंड्या समोरासमोर आल्या तरी अडणारा मोठा रस्ता आता रुंद करायला घेतला होता. दोन्हीकडचे ओटे मागे सरले, नाल्या खणल्या, आणि दिवाळीनंतर जटपुऱ्याकडून गिट्टी पडायला लागली. उन्हाळ्यात वर डांबर पडणार होतं.

भागीरथा त्या कामावर होती. चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. मूलकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन चांद्याला आली होती. नवरा लटारू, बऱ्याच वर्षांपूर्वी 'खाणीत काम पाहातो' म्हणून घरून निघाला तो आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. घुटकाळा वस्तीतल्या एका खोलीत ती एकटी राही आणि जिथं काम निघेल तिथं घमेलं उचली.

त्या दिवशी सकाळी तिनं पहिल्यांदा ती बाई पाहिली. खांद्याला गाठोडं, हातात पाण्याचा तुंबा, कपाळावर आणि दंडावर गोंदण. जंगलातली, आलापल्लीकडची असावी. ती जटपुऱ्याकडून आली आणि गिट्टीच्या कडेकडेनं, मान खाली घालून, झपाझप पठाणपुऱ्याकडे गेली. उन्हं वर आल्यावर तीच बाई पठाणपुऱ्याकडून परत आली. आणि थोड्या वेळानं पुन्हा जटपुऱ्याकडून. आता तिची चाल मंदावली होती.

भागीरथानं घमेलं खाली ठेवलं आणि तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काऊन वो बाई, कुठी जाऊन राह्यली?"

बाई दचकली. मग म्हणाली, "दवाखाना. सरळ."

"कोनं सांगतलं सरळ?"

"सगळे सांगते. सरळ."

भागीरथाला उलगडा झाला. जटपुऱ्यात कोणालाही दवाखाना विचारला तर तो सांगणार: सरळ जा, मग चौकातून वळ, मग पिंपळाजवळून पुन्हा वळ. ह्या बाईला त्यातलं 'सरळ' एवढंच कळलं होतं. म्हणून ती सरळ जात होती. सरळ गेलं की पठाणपुरा दरवाजा येतो, पुढं शेतं, पुढं नदी. तिथं दवाखाना नाही हे पाहून ती परत येई आणि पुन्हा कोणाला तरी विचारी.

"बापूजी," भागीरथानं मुकादमाला हाक मारली, "ह्या बाईले दवाखान्यात सोडून येते."

बापूजी मुकादम गिट्टीच्या ढिगावर बसून विडी ओढत होता. "तुले कोणाची कोण लागते ते?"

"कोणाची नाई. म्हणून तर कोणी नेऊन राह्यलं नाई तिले."

"जा बाप्पा. पण दुपारच्या आत ये. साहेब येनार हाय पाहाले."

वाटेत भागीरथानं विचारत विचारत तिची हकीकत काढली. बाईचं नाव सोमारी. बाजारापुरती मराठी तिला येत होती, बाकीचं ती गोंडीत बोले आणि हातांनी सांगे. तिचा नवरा कोलू आष्टीजवळ सडकेच्या कामावर गिट्टीच्या खदानीत होता. मोहाची फळं, टोरी, गळत होती तेव्हा, म्हणजे पाऊस लागायच्या तोंडावर, वरून दगड सुटला आणि त्याच्या पायावर आला. ठेकेदाराच्या माणसांनी त्याला ट्रकमधे घालून चांद्याला नेलं. मग पाऊस लागला. नदीला पूर, नाल्यांना पूर, सडक चिखलात गेली. चार महिने जंगलातून इकडे कोणी आलं नाही आणि इकडून बातमी गेली नाही. पाणी ओसरल्यावर अहेरीच्या बाजारात कोणीतरी सांगितलं की कोलू चांद्याच्या दवाखान्यात आहे, जिवंत आहे. तिनं धान कापलं, ते दिराच्या हवाली केलं आणि चामोर्शीच्या बाजाराला निघालेल्या माणसांबरोबर ती चालत निघाली. चामोर्शीहून मूल, मूलहून जटपुरा.

"एकटी?"

"चामोर्शीपर्यंत माणसं. मंग एकटी."

सरकारी दवाखान्याच्या पडवीत डोमा फरशी पुसत होता. हा वॉर्डातला जुना माणूस, भागीरथाला तोंडओळखीनं माहीत.

"डोमाभाऊ, कोलू नावाचा माणूस हाय का इथी? आष्टीकडचा. पाय मोडलेला."

"कोलू?" डोमा उभा राहिला. "तो तर गेला बाई. काल सकाळीच गेला."

भागीरथा पुढचं काही विचारणार, तेवढ्यात मागे धपकन आवाज झाला. सोमारीचा तुंबा खाली पडला होता आणि ती भिंतीला टेकून खाली बसली होती. तिचे नुसते ओठ हलत होते.

तिला 'गेला' हा शब्द कळला होता.

"मेला नाई वो!" भागीरथा तिच्यापुढं बसून ओरडलीच. "मेला नाई. चालत गेला. घरी गेला. घरी!" आणि तिला कळावं म्हणून तिनं हाताची दोन बोटं दुसऱ्या तळहातावर माणसासारखी चालवून दाखवली.

सोमारीनं त्या बोटांकडे पाहिलं. मग डोमाकडे. डोमानंही मान हलवली. तेव्हा कुठं तिच्या छातीतून श्वास सुटला आणि ती रडायला लागली.

डोमानं भागीरथाला बाजूला घेतलं. "तिले ठाऊक हाय का?"

"काय?"

"पाय कापावा लागला त्याचा. गुडघ्याखाली. सडला होता. पावसाळाभर होता इथी. जखम भरली, मी त्याले कुबडी करून देली. डॉक्टरसाहेब म्हनत होते, थांब, कोणाची सोबत पाहून पाठवू. पण त्याचा जीव लागेना. धान कापाले आलं म्हणे. काल उजाडलं तसा निघाला."

भागीरथानं आपल्या हाताच्या दोन बोटांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

"कोणत्या बाजूनं गेला?"

"देवीचं देऊळ कुठी हाय, पुसत होता."

सोमारी डोळे पुसून उठली होती आणि आल्या वाटेनं जटपुऱ्याकडे निघालीही होती. भागीरथानं धावत जाऊन तिला धरलं. "तिकडून नाई बाई. तो तिकडून नाई गेला."

सोमारीला ते पटेना. घरची वाट तिच्या लेखी एकच, जिनं ती आली ती. भागीरथा तिथंच रस्त्याच्या कडेला बसली आणि बोटानं धुळीत रेघा ओढायला लागली. हा कोट. ही तू आली ती वाट. त्याला ट्रकनं आणलं ते इकडून, गोंडपिपरीवरून. ट्रकमधे पडल्या पडल्या त्यानं देवळाचा कळस पाहिला असेल, म्हणून तो देऊळ विचारत गेला. तो आल्या वाटेनं परत चाललाय, तू तुझ्या आल्या वाटेनं जाशील. इथं, आष्टीला, दोन्ही मिळतात. पण तोपर्यंत तू एका जंगलात, तो दुसऱ्या जंगलात.

सोमारीनं रेघांवरून बोट फिरवलं. "सर्री," ती म्हणाली. भागीरथानं भुवया उंचावल्या, तेव्हा तिनं समोरच्या रस्त्याकडे हात केला. "हे. सर्री."

"हो. दोन सर्री हायेत." भागीरथा म्हणाली. "चाल."

तिला फक्त अंचलेश्वर दरवाज्यापर्यंत नेऊन वाटेला लावायचं, असं भागीरथाच्या मनात होतं. दरवाज्याबाहेर, देवळाजवळ गुणाबाई नारळ-फुलं विकत बसायची. तिनं सांगितलं, हो, काल कुबडीवाला एक माणूस इथं बसला होता. देवीला हात जोडले, प्रसाद खाल्ला आणि बल्लारशाकडे जाणाऱ्या एका बंडीवाल्यानं त्याला चढवून घेतलं.

"जाय आता," भागीरथा सोमारीला म्हणाली. "ह्याच रस्त्यानं. पुसत पुसत जाय."

सोमारीनं मान हलवली, गाठोडं सावरलं आणि चालायला लागली. काही अंतरावर तिनं एका पोतंवाल्याला थांबवून काहीतरी विचारलं. त्यानं हात लांब करून दाखवलं. सरळ.

लटारू गेला तेव्हा भागीरथाही अशीच उभी राहिली होती, जटपुऱ्यात, बिनब्यात, स्टेशनावर. तरणी होती, पायांत जोर होता, कुठंही गेली असती. पण तो कोणत्या दरवाज्यानं बाहेर पडला, हेच कोणी सांगेना. कोणी म्हणे घुग्गुसला पाहिला, कोणी म्हणे गाडीत बसताना पाहिला. चारी बाजूंना वाटा होत्या आणि कोणत्या वाटेनं धावायचं ते कळत नव्हतं. शेवटी ती घरी येऊन बसली होती. हिच्या नवऱ्याची वाट तर ठाऊक होती.

"थांब वो!" तिनं हाक मारली.

तिचा धाकटा भाऊ मुखरू बांबूचा ट्रक चालवी, कोठारीच्या पुढच्या जंगलातून बल्लारशाच्या गिरणीपर्यंत. कमान-पाटा तुटला म्हणून आदल्या दिवशी तो ट्रक घेऊन चांद्याला आला होता आणि देवळाच्या रस्त्यावर मिस्त्रीच्या शेडमधे ट्रक उभा होता. सकाळीच तो बहिणीकडे भाकर खाऊन गेला होता. भागीरथा सोमारीला घेऊन पोचली तेव्हा तो निघण्याच्या बेतात होता.

सगळं ऐकून त्यानं डोकं खाजवलं. "बाई, माणसं नेऊ देत नाई ट्रकमधी. नाक्यावर धरतेत."

"धरतीन तर मी बोलीन त्यायच्याशी."

"आन तुह्यं काम? मुकादम?"

"मुकादमाचं मी पाहीन. तू गाडी काढ."

मुखरू मोठ्या बहिणीपुढं कधी फार बोलत नसे. "कोठारीपर्यंत नेतो," तो म्हणाला. "पुढं माहा बांबू तोडायचा कूप जंगलात हाय. तिथून पुढं नाई जमनार."

सोमारीनं केबिनमधे पाय ठेवला आणि पेट्रोलच्या वासानं लगेच बाहेर आली. ती मागे रिकाम्या डाल्यात चढली आणि फळीला धरून उभी राहिली. भागीरथा भावाशेजारी बसली.

बल्लारशाला गिरणीबाहेर बांबूचे डोंगर रचलेले होते. तिथल्या चहावाल्यानं काल दुपारी कुबडीवाला माणूस पाहिला होता. त्याच्यापुढं सागाचं जंगल सुरू झालं. सडक कच्ची, मुरमाची, दोन्हीकडे पानगळ लागलेली झाडं. प्रत्येक खड्ड्याला ट्रक उडे आणि मागे सोमारीचे पाय फळीवर आपटल्याचा आवाज येई. समोर कोणी पाठमोरा माणूस दिसला की भागीरथा पुढं वाकून पाही. गुराखी निघे, नाहीतर मोळीवाला.

कोठारीच्या नाक्यावर मुखरूनं ट्रक थांबवला. नाकेदार ओळखीचा निघाला. तो डाल्यातल्या बाईकडे पाहून काही बोलणार, तोच भागीरथा खाली उतरली आणि तिनं सगळं सांगितलं. नाकेदाराचा चेहरा बदलला.

"तो? काल माह्याच शेकोटीपाशी झोपला होता. भात देला मी त्याले. सकाळी गोंडपिपरीच्या बाजाराची बंडी चालली होती, तिच्यावर बसून गेला. मोठा गोड बोलते. पण पायाची जागा रातभर चोळत होता बिचारा."

तिघांनी नाक्याजवळच्या आंब्याखाली भाकर खाल्ली. सोमारीनं गाठोड्यातून भाताचा गोळा काढून त्यातला अर्धा मुखरूला दिला. सोमारी आता खुशीत होती. नवरा पुढंच आहे हे तिला कळलं होतं. ती दोन बोटं तळहातावर चालवून दाखवी आणि हसे.

"बाई, सांगून टाक तिले," मुखरू हळूच म्हणाला. "एकदम पाह्यलं तर काय होईन तिचं?"

"मी काऊन सांगू? त्यानं सांगावं."

"आन तो सांगूच शकला नाई तर? तिचं तोंड पाहून त्याले कसं वाटन?"

भागीरथानं भाकर खाली ठेवली. मग तिनं सोमारीचा हात धरला आणि तिच्या बोटांचं चालणं थांबवलं. आपलं लुगडं जरा वर करून तिनं गुडघ्याखाली आडवा हात ठेवला, आणि तो हात कापल्यासारखा ओढला. "कोलू," ती म्हणाली. "हा पाय. नाई आता."

सोमारी तिच्या पायाकडे पाहात राहिली. मग वर पाहिलं, खरंच का, अशा नजरेनं. भागीरथानं मान हलवली.

"मले कोनी सांगतलं नाई," सोमारी म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मले कोनी पुसलं नाई." तिचा आवाज चढला होता. ती रागावली होती, डॉक्टरवर, दगडावर, नदीवर, कोणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. मग ती उठून थोडी दूर गेली आणि पाठ करून उभी राहिली. मुखरूनं ट्रकच्या चाकाला उगीच लाथ मारून हवा पाहिली.

परत आली तेव्हा तिनं एकच विचारलं. "मध कोन काढन?"

"म्हंजे?"

तिनं झाडाकडे हात केला, उंच फांदीकडे, मग आपल्या नवऱ्याच्या नावानं छाती ठोकली. त्या भागात कोलूइतका उंच झाडावर चढणारा कोणी नव्हता, हे तिला सांगायचं होतं. ते सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता.

भागीरथानं भाकरीचं फडकं झटकलं. "पाहू," ती म्हणाली. "आधी तो तर सापडू दे."

मुखरूच्या कुपाकडे वळणारी गाडवाट आली. त्यानं वेग कमी केला, वाटेकडे पाहिलं, आणि ट्रक सरळ पुढं काढला. भागीरथानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो जरा वेळानं म्हणाला, "सांगीन ठेकेदाराले, पाटा पुन्हा तुटला म्हणून."

आता रस्त्यावर बाजाराहून परतणारी माणसं भेटायला लागली. बंड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया. भागीरथाची नजर मात्र पुढं, गोंडपिपरीच्या दिशेनं चाललेल्या पाठींवर. समोरून येणाऱ्यांकडे ती कशाला पाहील? एका वळणावर रस्ता अरुंद होता. मुखरूनं हॉर्न दिला, माणसं कडेला सरली, धूळ उडाली, ट्रक पुढं गेला.

आणि एकदम केबिनच्या टपावर धाड धाड धाड मार बसायला लागला.

मुखरूनं करकचून ब्रेक दाबला. ट्रक पुरता थांबायच्या आतच सोमारीनं मागून उडी मारली होती. ती गुडघ्यावर पडली, उठली आणि मागे धावत सुटली. भागीरथा दार उघडून खाली उतरली तेव्हा धूळ खाली बसत होती. त्या धुळीत रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता. काखेत कुबडी, खांद्याला पोतडी, एका पायात वहाण. त्याचं तोंड चांद्याकडे होतं.

सोमारी धावता धावता त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबली. तो तिच्याकडे पाहात होता, ती त्याच्याकडे. मग ती बोलायला लागली. गोंडीत, भराभर, मोठ्यानं. भागीरथाला शब्द कळत नव्हते, पण ती त्याला रागे भरते आहे एवढं कळत होतं. तो मान खाली घालून ऐकत होता. मधेच त्यानं धोतर सावरून पायाची ती जागा दाखवली. सोमारी खाली बसली. तिनं त्या जागेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. उठताना तिनं त्याच्या खांद्यावरची पोतडी काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

भागीरथा आणि मुखरू जवळ आले. कोलूनं कुबडी सांभाळत दोन्ही हात जोडले. "जोहार बाई. जोहार भाऊ."

त्याची मराठी बायकोपेक्षा बरी होती, खदानीतली. मुखरूनं विचारलं, "अरे पण तू इकडे कसा? घर तर तुह्यं तिकडे हाय ना?"

"गोंडपिपरीच्या बाजारात आमच्याकडची माणसं भेटली. म्हणे, तुही बायको तुले पाहाले चांद्याले गेली. मूलकडून." कोलू म्हणाला. "मंग मी वापस फिरलो."

"ह्या पायानं? चांद्यापर्यंत?"

"मंग? थे कधी शहरात गेली नाई. तिथी लई रस्ते हायेत. थे एकटी काय करन?"

मुखरूला हसू आवरेना. तो सडकेच्या कडेला बसून हसत सुटला. कोलूही हसला, सोमारी पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. भागीरथा ट्रकच्या मागे गेली. तिथं तिला कोणी पाहात नव्हतं. चाकाला टेकून ती पोटभर रडली, मग पदरानं तोंड पुसून परत आली.

"चला," ती म्हणाली. "मुखरू, नदीपर्यंत नेऊन दे त्यायले."

मुखरूनं हात वर केले, पण ट्रकमधे तोच सगळ्यांच्या आधी चढला.

कोलूला केबिनमधे बसवलं. भागीरथा मागे सोमारीजवळ डाल्यात उभी राहिली. वैनगंगेच्या काठी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पाणी ओसरून मधे रुंद रेती उघडी पडली होती आणि डोंगा पार पाण्याच्या कडेला लागलेला. रेतीत कुबडी रुतायची. दोघींनी कोलूला दोन्ही बाजूंनी खांदा दिला. तो फार संकोचला. "बाई, तुमी नका," असं दर पावलाला म्हणत राहिला. मुखरू मागून पोतडी आणि गाठोडं घेऊन आला.

डोंगा निघताना सोमारीनं भागीरथाचे दोन्ही हात धरले. काहीतरी म्हणायचं होतं, मराठीत शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, "तू ये."

"येईन," भागीरथा म्हणाली.

तिला परतायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मुखरूच्या ट्रकवर, बांबूच्या भाऱ्यावर बसून ती बल्लारशापर्यंत आली आणि तिथून चालत. बापूजी मुकादम तिला पाहून उठून उभा राहिला.

"काऊन वो, दवाखाना नागपूरले हलवला का?"

तिनं सगळं सांगितलं. बापूजी ऐकत राहिला, विडी विझली तरी. साहेब पाहून गेले होते आणि गैरहजेरीबद्दल बोलूनही गेले होते. "मी सांगतलं, तिचं दुखून राह्यलं," बापूजी म्हणाला. "आता घमेलं उचल." मुखरूला ठेकेदारानं भरपूर शिव्या दिल्या. कमान-पाट्याची गोष्ट त्याला पटली नाही.

उन्हाळ्यात जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत डांबर पडलं. पोरं पहिले काही दिवस अनवाणी त्यावर चालायला बिचकायची. नंतर कोटाबाहेरच्या वाटांचीही कामं निघाली, नाल्यांवर रपटे झाले, आणि दोनेक वर्षांनी गोंडपिपरीच्या रस्त्यानं नदीपर्यंत मोटर जायला लागली. त्या हिवाळ्यात भागीरथा काम सोडून निघाली. मोटरनं नदी, डोंग्यानं आष्टी, मग आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकवर आणि शेवटी पायी.

सोमारी अंगणात धान पाखडत होती. तिनं सूप खाली टाकलं आणि धावत आली. कोलू पडवीत बसून बांबूच्या कमच्या तासत होता. आता तो टोपल्या, सुपं, मासे धरायच्या मळया विणत असे आणि अहेरीच्या बाजारात त्याच्या मालाला गिऱ्हाईक होतं. झाडावर चढायचं काम दिराकडे गेलं होतं. खालून ओरडून फांदी सांगायचं काम मात्र कोलूनं सोडलं नव्हतं, असं सोमारीनं हसत सांगितलं. तिची मराठी पुष्कळ सुधारली होती.

भागीरथा नव्या धानाच्या सणापर्यंत राहिली. गावातल्या बाया तिला पाहायला येत. सणाच्या दिवशी एका म्हातारीनं सोमारीला काहीतरी विचारलं. सोमारीनं दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि सगळ्या बाया हसल्या.

"काय म्हणते थे?" भागीरथानं कोलूला विचारलं.

"बुढी पुसते, हे बाई कोण. सोमारी सांगते, माही बहीण हाय, चांद्याची. रस्त्यावर भेटली."

म्हातारीनं भागीरथाला हातानं खुणावून आपल्या शेजारी जागा करून दिली आणि पानावर नव्या तांदळाचा भात वाढला.